पाणी कुठनं येतंय?

जुलै लागला की कोल्हापुरात दोन आकडे लहान पोरांना पण पाठ असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला पोचली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि मग सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या पण आधी, माणूस मोबाईलवर पाणी किती वाढलं ते बघतो. ज्याचं घर नदीपासनं चांगलं लांब आहे तो पण बघतो. २०१९ आणि २०२१ नंतर तर ती सवयच लागलीये, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. त्या सकाळी मी पण अशीच सोफ्यावर मांडी घालून पातळी बघत होते, एकतीस फूट की काहीतरी होतं, म्हटलं अजून टाइम आहे, आणि पाय खाली सोडला तर तळव्याला गार लागलं. दारातनं पाणी आत आलेलं. नदीचं नाही, आमच्याच अंगणाचं. ज्या अंगणावर दोन महिन्यांपूर्वी आम्ही पावणेदोन लाख रुपये घातले होते.

आता दोन वर्षं होऊन गेली म्हणून हसत लिहितीये, तेव्हा मी आणि सासूबाई उंबऱ्याशी बसून पोती पिळत होतो.

आमचं घर शहराच्या हद्दीत पण पार टोकाला, कळंब्याच्या बाजूला. इथं आधी ऊस उभा असायचा, मग शेतं एन.ए., म्हणजे बिगरशेती, झाली, प्लॉट पडले, बंगले आले, पण खालची माती आहे तीच आहे, काळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. एप्रिलमध्ये अंगणाला अशा भेगा पडायच्या की आण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, स्कूटरची किल्ली एकदा भेगेत पडली ती परत मिळालीच नाही. ऊसाला ही माती म्हणजे सोनं, पण तिच्यावर फरशी घालायची म्हटलं की रोज थोडी थोडी हलणाऱ्या गादीवर पत्त्यांचा बंगला बांधल्यासारखं आहे. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की पावसाळ्यात गेटपासनं दारापर्यंत येईस्तोवर चपलेला दोन किलो चिखल लागतोय, नवऱ्याची गाडी रुततीये, आणि शेजारच्यांनी काय मस्त पेव्हर ब्लॉक घातलेत.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आम्हाला नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाच्या ओळखीनं मिळाला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्याशी आता काही देणंघेणं नाही. माणूस बोलायला एकदम गोड, शर्टाला इस्त्री, हातात दोन फोन. आमच्या वडलांच्या वेळी गवंडी जुनं काम दाखवायला सायकलवरनं घेऊन जायचा, ह्यानं फोनवर रील दाखवल्या. ड्रोन वरनं फिरतोय, हिरवंगार लॉन, खाली पिवळे लाइट, मागं गाणं. पंधरा सेकंदात एक अंगण. मी आणि माझी मुलगी एकापाठोपाठ एक बघत बसलो, आणि रीलमध्ये कधीच पाऊस पडत नसतो हे आमच्या दोघींच्या पण लक्षात आलं नाही.

त्यानं आम्हाला प्रश्न पण भरपूर विचारले हां. ब्लॉक लाल-करडा पाहिजे की पिवळा-काळा, डिझाइन डंबेल की झिगझॅग, लॉन मेक्सिकन की कार्पेट, लाइट वॉर्म की कूल. अर्ध्या तासात आमचं सगळं सिलेक्ट करून झालं, साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटत होतं. घराच्या मागच्या बाजूला तो गेला पण नाही. आण्णा तेवढे खुर्चीतनं म्हणाले, "उतार कुठल्या अंगाला काढणार?" तर तो हसला, "आण्णा, ते आमच्यावर सोडा. वैनी, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, जगात भारी करून देतो." आण्णांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, आयुष्यभर पाणीच मोजलं त्यांनी, आणि घरात पाण्याविषयी बोलणाऱ्या एकमेव माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून गप्प केलं. मी पण केलं. म्हटलं आण्णा, त्यांचा रोजचा धंदा आहे तो.

साठ टक्के ॲडव्हान्स दिला. इस्टिमेट म्हणजे व्हॉट्सॲपवर एक ओळ, "ब्लॉक + लॉन + लाइट + मागची भिंत, ऑल इन." ऑल इन म्हणजे कशात काय हे विचारायचं सुचलंच नाही. नऊ दिवसात काम फिनिश. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लाइट लावले तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं माझ्या, उरलेले पैसे तिथल्या तिथं दिले, वर लेबरला मिसळ. त्यानं ड्रोन आणून आमच्या अंगणाची पण रील काढली. ती अजून त्याच्या पेजवर आहे. अधनंमधनं बघते मी, छान दिसतं अंगण.

जूनच्या मध्याला पाऊस लागला. पहिल्या आठवड्यात गाडीची दोन चाकं जिथं थांबतात तिथं दोन बशा पडल्या, तिसऱ्या आठवड्यात त्या बशांच्या पराती झाल्या. कडेचे ब्लॉक बाहेरच्या बाजूला सरकायला लागले, कारण कडेला धरून ठेवायला काही नव्हतंच, नुसती माती लोटलेली. वरनं ते ब्लॉक चकचकीत, रबरी साच्यातले, उन्हात आरशासारखे दिसायचे, पावसात त्याच्यावर शेवाळ धरलं आणि सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या त्या घसरता घसरता वाचल्या, वृंदावनालाच मिठी मारली म्हणून. मागचा प्लॉट आमच्यापेक्षा अडीच-तीन फूट उंच, त्यानं भराव टाकून घेतलेला, तिकडचं सगळं पाणी बोळातनं पुढं यायचं आणि पुढं उतार होता तो घराकडं. गेटकडं नाही, घराकडं! पंचगंगा इशारा पातळीला पोचायच्या आधी आमचं अंगण धोक्याच्या पातळीवर.

फोन लावला. "वैनी, लायनीवरच हाय, पोचतोच." दुसऱ्या दिवशी, "लेबर गावाकडं गेलंय ओ." मग, "पाऊस जरा उघडू दे, बसवून देतो." मग रिंग वाजून बंद. नात्यातल्या एका वकिलानं सांगितलं की ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण कागद काय आहे तुमच्याकडं? कागद म्हणजे ती व्हॉट्सॲपची एक ओळ. पक्कं बिल घेतलं नव्हतं, का तर अठरा टक्के जी.एस.टी. वाचला म्हणून आम्हीच खूश होतो. वकील काही बोलला नाही, नुसतं चहा प्यायला.

एका उघडिपीला आण्णांनी पहारीनं एक ब्लॉक उचकटला. खाली बोटभर कच, म्हणजे खडीचा चुरा, आणि त्याच्याखाली थेट काळी माती, लोण्यासारखी. मुरूम, म्हणजे खाली दाबून भरतात ती खडकाळ माती, नावाला नाही. नवऱ्यानं ब्लॉकला पट्टी लावली, ५० मिलीमीटर. साठचा सांगितला होता. आण्णा ब्लॉक हातात घेऊन म्हणाले, "ह्यात त्याची काय चूक न्हाई. तुम्ही त्याला वरचं विचारलंत, त्यानं वरचं दिलं." मला त्यांचा राग आला होता त्या वेळी, सासऱ्यांना बोलता येत नाही म्हणून आत जाऊन भांडी आपटली.

दिवाळीपर्यंत आम्ही तसेच राहिलो, कारण पैसे पण नव्हते आणि विश्वास पण. आणि कॉन्ट्रॅक्टर शोधायचा कसा हे मला खरंच कळत नव्हतं. डॉक्टर शोधायचा तर चार लोक सांगतात, शाळा शोधायची तर बायकांचा ग्रुप आहे, पण अंगणाचं काम माणूस आयुष्यात एकदा करतो, फार तर दोनदा, त्यामुळं ज्याला विचारावं तो आपल्याएवढाच अडाणी असतो आणि काम ताजं असलं तर खूश पण असतो. आम्हाला मेमध्ये कुणी विचारलं असतं तर आम्ही त्या रीलवाल्याला दहापैकी दहा दिले असते.

मला सगळ्यात कामाचं जे कळलं ते बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात. सिमेंट, क्रश सँड, खडी विकणारा माणूस, काउंटरवर जाडजूड उधारीची वही. त्याला म्हटलं चांगला माणूस सांगा की कुणीतरी, तर म्हणाला, "वैनी, काम कोण कसं करतंय ते बघायला मी जात न्हाई. पर कोण पैसे येळेवर देतंय ते ह्या वहीत हाय." मग त्यानं मला हा धंदा आतनं कसा चालतो ते दहा मिनिटात सांगितलं. ज्याची दुकानात उधारी थकलीये तो तुमचा ॲडव्हान्स घेऊन आधी इथं येतो, मागच्या साइटची उधारी भागवतो, मग तुमच्या साइटला माल घालायला पुढच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स शोधतो. म्हणजे आमचे साठ टक्के भलत्याच कुणाच्या तरी अंगणात गेले होते, आणि आमच्या अंगणातलं जे काय थोडंफार होतं ते आणि तिसऱ्याच्या पैशाचं. ज्याची वही कोरी त्याला ॲडव्हान्सची एवढी घाई नसते. त्यानं तीन नावं सांगितली. त्यातलं एक नाव जेसीबीवाल्यानं पण सांगितलं, वेगळ्या कारणानं: "त्यो मिस्त्री आमचा जीव खातो, अजून चार इंच काढ म्हणून." हे ऐकल्यावर मी त्याचा नंबर स्टार करून ठेवला.

तिघांचेही रेट घेतले. एकानं सांगितला ५८ रुपये फूट, दुसऱ्यानं ७५, आणि जेसीबीवाल्याचा जीव खाणाऱ्यानं ११२. नवऱ्याचे डोळे पांढरे. पण मी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले तर ५८ मध्ये खोदाई नव्हती, मुरूम नव्हता, कडेचं काँक्रीट नव्हतं, निघालेली माती कोण उचलणार ते नव्हतं. फक्त ब्लॉक आणून मांडायचे. ७५ मध्ये मुरूम होता पण किती ते नव्हतं, नुसतं "मुरूम टाकून". ११२ वाल्यानं वहीच्या पानावर बॉलपेननं लिहिलेलं, स्पेलिंगं सगळी चुकलेली, पण नऊ इंच मुरूम दोन थरात, दर थराला पाणी मारून मशीन फिरवणे, दीड इंच कच, ६० एम.एम. ब्लॉक, चारी बाजूला कड, पोर्चपुढं जाळीचं गटार, राडारोडा उचलणं त्याच्याकडं. रेट खाली आणायचा म्हणून मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "कमी करतो की. मुरूम सा इंच करू? का कड काढून टाकू? काय नको ते सांगा, तेवढं कमी करतो." मी फोन ठेवला.

तो बघायला आला तेव्हा पाऊस नव्हता, ऑक्टोबरचं ऊन पडलेलं. साठीचा माणूस, अंगावर धुवून धुवून विटलेला पांढरा शर्ट, पायात कापशी पायताण. आला तो अंगणात थांबलाच नाही, सरळ बोळातनं मागं गेला, कंपाउंडच्या भिंतीला हात लावला, मागच्या प्लॉटवर डोकावला, मग गेटबाहेर जाऊन रस्त्याच्या गटारीत बघितलं. मी ब्लॉकच्या रंगाचं सांगायला गेले तर म्हणाला, "रंग शेवटी. पाणी कुठनं येतंय?"

आण्णा खुर्चीतनं उठले.

मग ते दोघं म्हातारे जे बोळात गेले ते पाऊण तासानं बाहेर आले. आण्णांनी त्याला सगळं सांगितलं, कुठनं येतं, कुठं साठतं, किती वेळात ओसरतं, एवढे दिवस कुणी विचारलंच नव्हतं ना. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, "परतीचा पाऊस लागंल एक-दोन दिवसात. लागला की फोन करा, मी येतो. पडताना बगायला पायजे." मला वाटलं हे पण "लायनीवरच हाय"सारखंच. पण खरंच तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विजा कडकडायला लागल्या, मी फोन केला, आणि हा माणूस डोक्यावर खताचं पोतं घेऊन एम-ऐटीवर आला आणि वीस मिनिटं अंगणाच्या मधोमध उभा राहून नुसतं खाली बघत होता. मुलगी म्हणाली, मम्मा, हे आजोबा काय करतायत? मला पण सांगता येईना.

त्यानं केलेलं जुनं काम बघायला आम्ही रुईकर कॉलनीत गेलो. ताजं नाही, तीन पावसाळे काढलेलं बघायचं हे माझं मीच ठरवलेलं. त्या घरातल्या काकूंनी चहा दिला आणि तक्रारीच जास्त सांगितल्या: तोंडानं फटकळ आहे, अमावस्येला काम बंद, गावच्या जत्रेला चार दिवस गायब, आणि आपण काही सुचवलं की वाद घालतो. आणि काम? तर म्हणाल्या, काम काय, बघा की, तिथंच आहे. गाडी उभी होती तिथं मी मुद्दाम खाली बसून बघितलं. सरळ. मला त्या तक्रारी ऐकूनच जास्त बरं वाटलं, पहिल्याविषयी आम्हाला एक पण तक्रार ऐकायला मिळाली नव्हती.

ह्या वेळी कागद केला. नवऱ्यानं शाळेच्या वहीसारखं दोन पानं लिहून काढली, काय किती जाडीचं, माप कसं धरायचं (झाडाचं आळं आणि वृंदावनाची जागा वजा करून, पहिल्यानं ती पण मोजून पैसे लावलेले), जादा काम निघालं तर आधी रेट ठरवून मग हात लावायचा, पाणी-लाइट आमचं, पैसे चार टप्प्यात. सुरुवातीला वीस टक्के, मुरूम दाबून झाल्यावर काही, ब्लॉक बसल्यावर काही. आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. हे वाक्य वाचताना मी खाली मान घातली होती, म्हटलं आता हा उठून जाणार. तो म्हणाला, "ठेवा की. पर पावसाळा सरला की मला मागाय लावू नका, मला मागायला येत न्हाई." आणि सही केली. मराठीत, एकेक अक्षर सुटं.

कामाचं सगळं सांगत बसत नाही, फक्त मुरमाचं सांगते, कारण त्यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. अंगण साधारण ८०० स्क्वेअर फूट. नऊ इंच मुरूम म्हणजे पाऊण फूट, ८०० गुणिले पाऊण, ६०० घनफूट. शंभर घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे सहा ब्रास, पण तो दाबून बसलेला हिशोब, सुटा मुरूम त्याच्यापेक्षा जास्त लागतो, सात-साडेसात. आणि ट्रॅक्टरवाला "एक ब्रास" म्हणून जी ट्रॉली ओततो ती एक ब्रास असतेच असं नाही. हे आण्णांनी पकडलं. टेप घेऊन ट्रॉलीवर चढले, वय बहात्तर, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, माल सव्वा फूट. पंचाहत्तर घनफूट, पाऊण ब्रास! ट्रॅक्टरवाला म्हणतोय काय आजोबा, सगळीकडं असंच चालतंय, आणि मिस्त्री बाजूला तंबाखू मळत उभा, गालात हसतोय. त्याच्या पुढच्या ट्रॉल्या शीग लावून आल्या.

फूटभर खोदून काळी माती काढली. मुरमाचा पहिला थर टाकला, पाणी मारलं, मशीन फिरवलं, धाडधाड आवाजानं शेजारच्यांचं बाळ उठलं, मी जाऊन सॉरी म्हणून आले. भिंतीच्या कडेला मशीन जात नव्हतं तिथं त्याची माणसं हातानं धुमस घालत होती, दोघं समोरासमोर, एका तालात. मग दुसरा थर. मग उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक पोर्चला, एक टोक गेटला धरून दोन्हीकडं पाण्याची रेघ जुळवायची, तिथनं खाली माप घ्यायचं. दहा फुटाला दीड इंच ठरवलेला, म्हणजे गेटपर्यंतच्या तीस फुटाला साडेचार इंच. डोळ्यांना दिसत पण नाही एवढासा. मी विचारलं, एवढा पुरतो? तर आण्णाच म्हणाले, पाण्याला लई लागत न्हाई, त्याला फक्त कळायला पायजे कुठं जायचं ते.

मागच्या भिंतीला त्यानं खालच्या अंगाला दोन-दोन हातावर पाइपचे तुकडे बसवले, मागं खडी भरून. मी म्हटलं, अहो, त्यातनं तर पाणी आपल्याकडं येईल. "येऊ दे," म्हणाला, "अडवलं तर भिंत घिऊन यील." आणि त्या पाण्याला बोळातनं वेगळी गटार काढून दिली. ह्यावर आण्णांना जे भरतं आलं! कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दुसरं काय, म्हणाले, पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, काढायचे, पुराला वाट मोकळी द्यायची, पाऊस सरला की बरगे घालायचे आणि मग अडवायचं. सगळ्या महाराष्ट्रानं उचलली ही पद्धत, आणि आपल्याच गावात माणसं भिंतीला भोक ठेवत नाहीत. हे भाषण मी लग्न झाल्यापासनं दहा-बारा वेळा ऐकलंय, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सासूबाईंचा एक आंबा आहे, रायवळ, लोणच्याचा. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरनं तो आधी तोडूया म्हणून सांगितलेलं, कोण बघतंय म्हणून. शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते हे आण्णांनी सांगितलं तेव्हा त्यानं झाड ठेवलं आणि बुंध्यापर्यंत ब्लॉक आणून भिडवले. पानं पिवळी पडायला लागलेली. मिस्त्रीनं बुंध्याभोवती चार फूट जागा मोकळी सोडली आणि कडेनं जांभ्याचा बुटका पार केला. जांभा कोकणातनं आलेला. मसाई पठारावर जो फिरलाय त्याला जांभा सांगायला नको, तोच लाल, भोकाभोकाचा दगड. खाणीतनं निघताना मऊ असतो, सहज कापता येतो, आणि वारा लागेल तसा घट्ट होत जातो. सासूबाई म्हणाल्या, आमच्या सासूबाईंच्या उलटं. सगळे हसले, आण्णा सोडून.

कडेचं काँक्रीट झाल्यावर मिस्त्रीनं आण्णांना पाण्याची ड्युटी लावली. दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. आण्णा पहाटे पाचला पाइप घेऊन उभे. जुने ५० चे ब्लॉक त्यानं फेकू दिले नाहीत, मागच्या बोळात घातले, "माणसं चालायला चालतंय, गाडीला न्हाई." नवे ब्लॉक घेताना दोन हातात दोन घेऊन एकमेकावर वाजवले, खणखणीत आवाज आला ते घेतले, एक घमेलंभर बद्द वाजणारे टेम्पोतनं परत पाठवले. काम झालं सव्वीस दिवसात. मध्ये अमावस्या आली, जत्रा आली, आणि एकदा त्याचं आणि माझं पायरीच्या उंचीवरनं असं वाजलं की दोन दिवस तो माझ्याशी नवऱ्याच्या थ्रू बोलत होता. पायरी त्याच्या मनासारखीच झाली. अजून मला ती एक इंच जास्त वाटते.

रील कुणी काढली नाही.

मग जून आला. पहिला मोठा पाऊस रात्री पडला, आम्ही चौघं-पाचजण दार उघडून पोर्चमध्ये उभे, मुलगी पण उठून आलेली. पाणी आलं, मागनं पाइपातनं भळाभळा आलं, गटारीला लागलं, पोर्चपुढच्या जाळीत गेलं, बाकीचं अंगणावरनं पातळ चादरीसारखं सरकत गेटकडं निघून गेलं. कुणी काही बोललं नाही. सासूबाई आत जाऊन चहा टाकून आल्या, रात्री अडीच वाजता.

मिस्त्री ऑगस्टमध्ये आला, न बोलवता. आम्ही दहा टक्के पाकिटात घालून देवाजवळ ठेवलेले. मी पाकीट आणायला आत गेले, बाहेर आले तर तो पोर्चपाशी नाही, गेटजवळ कोपऱ्यात उकिडवा बसलाय. तिथं चार ब्लॉक किंचित दबलेले, ताटलीएवढं पाणी साठायचं. आम्हाला माहीत होतं, पण आम्ही काही म्हटलं नव्हतं, एवढं काय. त्यानं त्यात बोट बुडवलं, बोटावर पाणी कुठपर्यंत आलं ते बघितलं आणि म्हणाला, "ह्यो माझा. ह्यो काढतो, मग द्या."

आण्णा म्हणाले, "राहू दे की ओ. चिमण्या येतात तिथं पाणी प्यायला."

"चिमण्या माझं बिल देत न्हाईत, आण्णा."

गणपती झाल्यावर एका सकाळी तो एम-ऐटीवर घमेलं बांधून आला, चार ब्लॉक काढले, खाली मूठ-दोन मूठ कच घातला, परत बसवले, लाकडी ठोकळ्यानं ठोकले, नळी लावून बघितलं, पाकीट न मोजता खिशात घातलं आणि चहा घेऊन गेला. आण्णा त्याला गेटपर्यंत पोचवायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर आंब्याच्या पारावर मातीचं एक पसरट भांडं आणि पहाटे पाचला परत पाइप घेऊन आण्णा उभे.